तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा लेंग्थ म्हणजे नक्की किती?

मोठी रेस झाली की संध्याकाळी फोन सुरू होतात. पुतण्या, त्याचे मित्र, रेसकोर्सवर ओळख झालेली दोन-तीन माणसं. प्रश्न ठरलेला: "काका, घोडा अमुक लेंग्थनी, म्हणजे तेवढ्या घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकला ते दिसलं. पण तो खरंच केवढा मोठा आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता?" फोनवर घाईत काहीतरी सांगितलं जातं आणि मग रात्रभर चुटपुट लागून राहते. म्हणून आज सविस्तर लिहितोय. त्यासाठी उदाहरणही तेच घेतो, ज्याच्यावर माझ्या वहीची सगळ्यात जास्त पानं खर्ची पडली आहेत: फ्रँकेल नावाचा इंग्लंडमधला घोडा.

19 जून 2012, मंगळवार. इंग्लंडमधल्या रॉयल ॲस्कॉट या मोठ्या रेस-मेळाव्याची पहिली रेस, क्वीन ॲन स्टेक्स, सरळ ट्रॅकवरचा एक मैल. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते. फ्रँकेल तोवर दहा वेळा धावला होता आणि दहाही वेळा जिंकला होता. ट्रेनर हेन्री सेसिल, पाठीवर जॉकी टॉम क्वीली. शेवटच्या दोन फर्लांगांत (एक फर्लांग म्हणजे सुमारे दोनशे मीटर) तो असा काही सुटला की कॅमेऱ्याला बाकीचे घोडे चौकटीत ठेवणं जड गेलं. अकरा लेंग्थ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

ती रेस मी लगेच पुन्हा लावली. या वेळी फ्रँकेलकडे बघायचंच नाही असं ठरवून.

सगळं तिथेच असतं. जिंकणारा घोडा आपल्याला फक्त अंतर दाखवतो. ते अंतर कोणापासून मोजायचं, हे मागचे घोडे सांगतात. दुसरा आला एक्सेलेब्रेशन. हा घोडा साधासुधा नव्हता, आदल्या वर्षी फ्रान्समधली प्री द्यू मूलँ जिंकून आलेला. आणि त्याच्या अगदी अंगाला लागून तिसरा आला साइड ग्लान्स, ज्याच्या नावावर तोवर एकही ग्रुप वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची रेस, नव्हती.

आता हिशेब मांडू. घोड्याची कुवत पौंडांत मोजतात, आणि तो आकडा म्हणजे त्याचं रेटिंग. मैलाच्या रेसला एका लेंग्थचे साधारण पावणेदोन ते दोन पौंड धरतात, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जेमतेम किलोभर. अकरा लेंग्थ म्हणजे वीस पौंडांच्या आसपास. एक्सेलेब्रेशन त्याच्या नेहमीच्या ताकदीने धावला असं मानलं, तर त्याच्या रेटिंगवर हे वीस चढवायचे, आणि येणारा आकडा आभाळाला टेकतो. पण मग साइड ग्लान्सचं काय करायचं? तोही त्याच दिवशी एकाएकी एक्सेलेब्रेशनच्या तोडीचा झाला, असं मानावं लागेल. ते मनाला पटत नाही. एक्सेलेब्रेशन त्या दिवशी कमी पडला असणार, हे जास्त संभवतं. कदाचित फ्रँकेलचा पाठलाग करण्यातच तो खर्ची पडला आणि शेवटी साइड ग्लान्सने त्याला गाठत आणलं. म्हणजे अकरातल्या काही लेंग्थ फ्रँकेलने मिळवल्या आणि काही एक्सेलेब्रेशनने गमावल्या. किती-किती, हे ठरवणं म्हणजेच फॉर्म, म्हणजे घोड्याची खरी कामगिरी, वाचणं.

मोठमोठ्या जाणकारांचंही यावर एकमत होत नाही. घोड्यांना रेटिंग देणाऱ्या टाइमफॉर्म या ब्रिटिश संस्थेने फ्रँकेलला 147 दिले, त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा. त्याआधी 145 घेऊन सी-बर्ड हा घोडा पहिला होता. अधिकृत हँडिकॅपरांनी, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मात्र 140 वर थांबायचं ठरवलं. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या हे खरं, पण दोन्हीकडे शेवटी कोणीतरी माणूस बसून साइड ग्लान्सवर किती विश्वास ठेवायचा याचाच विचार करत असतो. जाता जाता एक सांगतो. जानेवारी 2013 मध्ये जुनी रेटिंग्ज नव्याने तपासताना 1986 च्या डान्सिंग ब्रेव्ह या घोड्याचे 141 उतरवून 138 केले आणि फ्रँकेल पहिल्या नंबरावर गेला. फ्रँकेल माझा सर्वांत लाडका घोडा, तरी मला ते रुचलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी धावून गेलेल्या घोड्याचं रेटिंग मागाहून कमी करू नये.

नुसतं अंतर किती फसवतं, हे बघायला फ्रँकेलचीच दुसरी रेस घ्या. जून 2011, ॲस्कॉटलाच सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स. महिना-दीड महिना आधी 2000 गिनीजमध्ये सहा लेंग्थनी जिंकलेला हा घोडा इथे झोफनीपुढे जेमतेम पाऊण लेंग्थ राहिला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर, हवा गेली. पण रेस डोळे उघडे ठेवून बघितली तर दिसतं की पेसमेकर, म्हणजे सुरुवातीचा वेग ठरवायला उतरवलेला घोडा, पुढे निघून गेला आणि क्वीलीने फ्रँकेलला फार लवकर त्याच्या मागे सोडलं. बराच आधी सगळी ताकद वापरून झाली आणि शेवटच्या फर्लांगात घोडा फक्त तग धरून होता. त्या पाऊण लेंग्थमध्ये घोड्याची कमी कुठेच नव्हती. होता तो पेसचा, म्हणजे रेसभरातल्या वेगाचा, हिशेब.

पेसकडे दुर्लक्ष करून मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. एका पावसाळी सीझनला पुण्यात एक घोडा मोठ्या रेसमध्ये पाच लेंग्थनी आला आणि मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत सुटलो की हा वर्षाचा घोडा. पुढच्या रेसला तो कुठेच नव्हता. नंतर घड्याळ लावून पाहिलं तेव्हा कळलं: सुरुवातीला पेस इतका मंद होता की पुढे असलेल्याला मागून कोणी गाठूच शकलं नसतं. तेव्हापासून मी शेवटच्या 600 मीटरची वेळ वेगळी लिहितो, आणि शेजारी ट्रॅकचा ओलेपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडाही, कारण ट्रॅक किती ओला होता हे महिन्याभराने आठवत नाही.

आणखी एक गोष्ट मी बघतो, जी टीव्हीवर दिसत नाही. रेस संपल्यावर पॅडॉकच्या कठड्याला जाऊन उभा राहतो. खोगीर उतरलं की घोड्याच्या पाठीवर त्याच्या आकाराचा घामाचा ओला ठसा उमटलेला असतो आणि त्यातून वाफ निघत असते. नाकपुड्या फुलून आतली लाली दिसते, मांड्यांवर शिरा दोरीसारख्या वर आलेल्या असतात. हे सगळ्यांचंच होतं. मी बघतो बरगड्यांमागचा भाता, आणि मोतद्दाराने चार-पाच फेऱ्या फिरवल्यावर तो किती लवकर शांत होतो ते. मान खाली घालून चालतोय की कान टवकारून गर्दीकडे बघतोय? आणि दुसऱ्या दिवशी कोणी ओळखीचा मोतद्दार भेटला तर एकच विचारतो, "रात्रीची चंदी संपवली का?" ज्याने अर्धी गव्हाणीत टाकली, तो जिंकला असला तरी त्याने आतलं बरंच काही मोजून दिलेलं असतं. त्याची पुढची रेस मी जपून बघतो.

फ्रँकेलची शेवटची रेस, 20 ऑक्टोबर 2012 ची चॅम्पियन स्टेक्स, लोक "कसाबसा जिंकला" म्हणतात तेव्हा माझा जीव तुटतो. अंतर पावणेदोन लेंग्थ. पण ट्रॅक चिखलाचा, घोडा गेटमधून उशिरा निघालेला, आणि पुढे सीरस देझेग्ल. चिखल हेच त्याचं अंगण, आणि आदल्या वर्षी हीच रेस जिंकलेला. त्याला त्याच्या घरात जाऊन हरवलं होतं. माझ्या मते हे पावणेदोन त्या अकरांच्या बरोबरीने ठेवावेत.

म्हणून रेसच्या संध्याकाळी तुम्ही विचारता तेव्हा मी "थांबा" म्हणतो, ते टाळण्यासाठी नाही. त्या दिवशी उत्तर अर्धंच तयार असतं. ऑगस्ट 2010 मध्ये न्यूमार्केटला फ्रँकेल पहिल्यांदा धावला आणि अर्ध्या लेंग्थने जिंकला. त्या संध्याकाळी कोणी काय म्हटलं असतं? दुसरा आलेला नथॅनियल पुढे किंग जॉर्ज आणि एक्लिप्स जिंकला, तेव्हा त्या अर्ध्या लेंग्थची किंमत कळली. यॉर्कला फ्रँकेलच्या सात लेंग्थ मागे राहिलेला 'फार' (Farhh) नावाचा घोडा 2013 मध्ये लॉकिंज आणि चॅम्पियन स्टेक्स दोन्ही घेऊन गेला.

माझ्या वहीत प्रत्येक मोठ्या रेसखाली मी सहा-सात ओळी कोऱ्या सोडतो. क्वीन ॲनच्या पानावर त्या अशा भरल्या आहेत, वेगवेगळ्या शाईने: ऑगस्ट 2012, एक्सेलेब्रेशन, दोव्हिल, जॅक ल मारवा जिंकला. ऑक्टोबर 2012, एक्सेलेब्रेशन, ॲस्कॉट, क्वीन एलिझाबेथ जिंकला, फ्रँकेलच्या शेवटच्या रेसच्याच दिवशी. आणि तळाशी, वर्षभराने लिहिलेली ओळ: नोव्हेंबर 2013, साइड ग्लान्स, मेलबर्न, मॅकिनन स्टेक्स, ग्रुप वन, पहिला.