ट्रे लावायला शिकताना

कोथरूडमधल्या एका दातांच्या दवाखान्यात मी असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा हत्यारांची नावं वहीत लिहून पाठ केली होती. मिरर, प्रोब, ट्वीझर, एक्सकॅव्हेटर. पण तिथल्या जुन्या ताईंनी सुरुवातीला मला ट्रेला हात लावू दिला नाही. त्या म्हणाल्या, "आधी डॉक्टर मॅडमचे हात बघ. कशानंतर काय लागतं ते कळलं की ट्रे लावता येईल." पूजेची तयारी करणाऱ्याला गुरुजी पुढे काय मागणार हे आधीच ठाऊक असतं, तसंच हे काम आहे. नावं पाठ असून भागत नाही, विधी माहीत असावा लागतो.

म्हणून मी आजही ट्रेची सुरुवात केस पेपरपासून करते. पेशंटला बीपी, शुगर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी वाचते. भुलीचं कोणतं इंजेक्शन द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात. पण लिग्नोकेन हे भुलीचं औषध अ‍ॅड्रिनलिनसह आणि अ‍ॅड्रिनलिनशिवायही येतं, त्यामुळे हृदयाचा त्रास असलेले आजोबा खुर्चीत बसण्याआधीच मी मॅडमना विचारून घेते.

मग ट्रे. तपासणीची हत्यारं डावीकडे, त्यापुढे ज्या क्रमाने लागतील तशी बाकीची. साध्या सिमेंटच्या फिलिंगचा ट्रे लवकर हातात बसतो. कॉम्पोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगला, एचंट (दात खरखरीत करणारं आम्ल), बाँडिंग (चिकटवणारा द्रव), मॅट्रिक्स (बाजूला धरायची पट्टी), घट्ट करायचा लाइट आणि शेवटी चावा बघायचा निळा कागद, हा क्रम ठरलेला असतो. कॉम्पोझिट मात्र मी आधीपासून उघडं काढून ठेवत नाही. खुर्चीवरच्या दिव्याच्या उजेडातही ते घट्ट व्हायला लागतं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला रूट कॅनलच्या, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करून भरायच्या ट्रेला. फाइल्सचे, म्हणजे ती नळी घासायच्या बारीक हत्यारांचे रंग एकदा बसले की नजर आपोआप चालते: १५ पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी, आणि ४५ पासून पुन्हा पांढरी. आकडा म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. लाल फाइलचं टोक ०.२५ मिलिमीटर. हे कळल्यावर मला पुढचंही उमगलं. कॅनल ज्या मापापर्यंत मोठा केला, त्याच मापाचे पेपर पॉइंट (कॅनल कोरडा करायच्या कागदी काड्या) आणि गटापर्चा (कॅनल भरायच्या रबरासारख्या काड्या) लागणार. मॅडम शेवटच्या फाइलचा आकडा बोलल्या की मी डबी पुढे सरकवते.

याच ट्रेवर एक गोष्ट अशी असते जिच्यात मी कोणाचीही घाई चालवून घेत नाही. कॅनल धुवायचं हायपोक्लोराइट, सलाइन आणि भूल, तिन्ही सिरिंजमध्ये भरल्यावर जवळजवळ पाण्यासारखीच दिसतात. हायपोक्लोराइट चुकून हिरडीत टोचलं गेलं तर तिथला मांसल भाग जळतो, तोंड सुजतं, असह्य वेदना होतात. त्यामुळे सिरिंज भरल्या भरल्या लेबल लावायचं. हायपोची सिरिंज वेगळ्या आकाराची, तिची सुई बाजूला भोक असलेली, आणि ती भुलीच्या सिरिंजशेजारी ठेवायची नाही. लेबल नसलेली सिरिंज मी टाकून देते, ती मीच भरलेली असली तरी.

मटेरियल कालवणं हा हाताचा अंदाज आहे. ग्लास आयोनोमर या फिलिंगच्या सिमेंटची चकाकी असेपर्यंतच ते दातात जायला हवं. चकाकी गेली की ते दाताला नीट धरत नाही, मग नवीन कालवायचं. दातांचं माप घ्यायच्या अल्जिनेटला (पाण्यात कालवायची पावडर) पुण्याचा उन्हाळा सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं गरम येतं की मापाचा ट्रे तोंडात जाईपर्यंत अल्जिनेट घट्ट व्हायला लागतं. म्हणून आम्ही पिण्याच्या गार पाण्याचं भांडं वेगळं ठेवतो. माप निघालं की लगेच स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून प्लॅस्टर ओतायचं. थोडा वेळ थांबावं लागलंच तर ओल्या कापडात गुंडाळायचं, नाहीतर ते आक्रसतं आणि कॅप बसत नाही.

ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचं काम मी दुपारी करते. आपल्याकडे दवाखाने दुपारी बंद असतात, ते याबाबतीत सोयीचंच आहे. हत्यारं आधी ब्रशने, मग ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायची. रक्त वाळून चिकटलं असेल तर वाफ तिथे पोचत नाही. फोर्सेप आणि कात्र्या उघड्या ठेवायच्या, पाऊच एकमेकांवर दाबून भरायचे नाहीत. १२१ अंशांना १५ पौंड दाबावर किमान १५ मिनिटं, वाळवण्याचा वेळ वेगळा. पाऊच ओला बाहेर आला तर तो निर्जंतुक धरायचा नाही. पाऊचवरची खूण रंग बदलते, पण त्यावरून ते यंत्रातून गेलं एवढंच कळतं. जंतू खरंच मेले का, हे बघायला जिवाणूंचे बीजाणू असलेली चाचणी ठरावीक काळाने घालावी लागते. ज्या दवाखान्यात ही चाचणी होते तिथेच काम करायला मला जास्त आवडेल, म्हणून ती होते का हे पहिल्या मुलाखतीतच विचारा, असं मी आता नवीन मुलींना सांगते.

पेशंट उठल्यावर ट्रे आवरणं हेही तितकंच जोखमीचं. सुया आणि ब्लेड आधी, पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज आणि सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात. आणि या कामाला लागायचं ठरवलं असेल तर हेपॅटायटिस बीची लस आधी सुरू करा: पहिला डोस, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी तयार झाल्यात का ते बघून घ्या आणि तो रिपोर्ट जपून ठेवा.