संकीर्ण कपाटाची किल्ली

बेळगावच्या ज्या वाचनालयाची मी कॉलेजच्या दिवसांत सभासद होते, तिथे पुस्तक मिळवायचे तर आधी त्याचे नाव ठाऊक असावे लागे. देवघेवीच्या टेबलापलीकडे काचेची कपाटे होती, त्यांवर कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक अशा चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या आणि भिंतीच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या, सदैव कुलूपबंद कपाटावर ‘संकीर्ण’ असे लिहिलेले होते. आम्ही यादीच्या वहीतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि ग्रंथपाल काकांनी आतून पुस्तक आणून हातात ठेवायचे, अशी पद्धत होती. एकदा मी धीर करून विचारले, “काका, त्या संकीर्णमध्ये काय असतं?” ते म्हणाले, “त्यात तुझ्या वाचण्यासारखं काही नाही, बाळ. नवी कादंबरी आलीय, ती ने.” त्यांनी ते मायेने सांगितले होते आणि मी ती कादंबरी घेऊन सायकलने येळ्ळूरला परतले. संकीर्ण हा शब्द मात्र तेव्हापासून मनात राहिला.

मँचेस्टरला येऊन आता सहा वर्षे झाली. पहिल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी सेंट पीटर्स स्क्वेअरच्या थांब्यावर ट्रामची वाट पाहत असताना पाऊस सुरू झाला, म्हणून समोरच्या गोल, घुमटाच्या इमारतीत शिरले. ते शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय होते. १९३४ मध्ये उघडलेल्या या वास्तूत वर्गणी नाही, अनामत रक्कम नाही आणि आत येणाऱ्याला काय हवे असे कोणी विचारत नाही. या शहराने १८५२ मध्येच लोकांच्या करातून चालणारे, पुस्तके घरी नेऊ देणारे मोफत ग्रंथालय सुरू केले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी मी फक्त एका मांडणीसमोर उभी राहिले आणि ओले जाकीट अंगावर तसेच ठेवून अर्धा तास उभीच होते.

माझ्यासमोर ढगांवरची पुस्तके होती. ढग या विषयावर पुस्तक असते, हेच मला ठाऊक नव्हते, मग यादीच्या वहीत मी ते शोधले तरी कसे असते? त्यांतल्या एका पुस्तकात लूक हॉवर्ड या लंडनच्या औषध व्यावसायिकाची हकिकत होती. त्याने डिसेंबर १८०२ मध्ये एका छोट्या मंडळापुढे व्याख्यान देऊन ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस अशी लॅटिन नावे सुचवली आणि तीच नावे आज जगभरच्या वेधशाळा वापरतात. ते वाचताना मला माझे बाबा आठवले. भाताचा तरवा टाकण्याआधी ते बांधावर उभे राहून पश्चिमेकडे, जांबोटीच्या डोंगरांवर पाहत असत आणि ढग नुसता काळा आहे की पाणी धरून आहे, हे त्याच्या खालच्या कडेवरून सांगत असत. रोहिणी, मृग, आर्द्रा यांच्या पावसाची त्यांची जाण कुठल्या पुस्तकातली नव्हती. त्या रात्री मी फोनवर त्यांना हॉवर्डची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, “त्याचं शेत होतं काय?”

ढगांपासून मी मधमाश्यांकडे गेले. पुस्तकांची विषयवार मांडणी समजून घ्यायला मला त्या मधमाश्यांनीच शिकवले. मेलव्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत सारे ज्ञान दहा वर्गांत वाटलेले असते आणि प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर त्याचा वर्गांक चिकटवलेला असतो. जीव म्हणून मधमाशी पाहायची असेल तर ती ५९५.७ मध्ये, कीटकांच्या सोबत सापडते. मध काढण्यासाठी ती पाळायची असेल तर ६३८.१ मध्ये, शेतीच्या शेजारी जावे लागते. या दोन मांडण्यांमधून चालत जाताना वाटेत शरीरशास्त्र, औषधे आणि यंत्रे लागतात, आणि थोडे पुढे गेले की ६४१.५ मध्ये स्वयंपाक लागतो. अशा वाटेवर मी विणकामाचा इतिहास वाचला, रेल्वेचे पूल कसे बांधले याचा वृत्तांत वाचला, अंधत्व आलेल्या एका माळ्याचे आत्मकथन वाचले, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांवरचे पुस्तक वाचले. त्याआधी मी फक्त कथा-कादंबऱ्यांची वाचक होते. रहस्यकथा आणि विज्ञानकथाही मी हलक्या समजत असे, तो समजही इथेच गळून पडला.

वाचकाला मांडणीपर्यंत जाऊ देणे ही गोष्ट इंग्लंडमध्येही आपोआप घडलेली नाही. पूर्वी इथेही पुस्तके टेबलामागेच असत. जेम्स डफ ब्राऊन या ग्रंथपालाने १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागातील ग्रंथालयात वाचकांना थेट मांडणीपाशी सोडले, तेव्हा पुस्तके चोरीला जातील, त्यांची जागा चुकेल, अशी ओरड त्याच्याच व्यवसायातल्या लोकांनी केली. ही भीती खोटी नव्हती, हे मी आमच्या ग्रंथपाल काकांकडे पाहून सांगू शकते. सीमाभागातली बरीचशी मराठी वाचनालये वर्गणीवर आणि देणग्यांवर उभी आहेत, तिथे एक पुस्तक हरवणे म्हणजे कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ आलेली देणगी हरवणे असते. कुलूप कंजूषपणाचे नव्हते, जपणुकीचे होते. तरीही त्या कुलपाची किंमत आम्ही मोजली, असे मला मनापासून वाटते, कारण जे पुस्तक आहे हेच माहीत नाही, ते कुणी मागत नाही.

आपल्याकडे हे सर्वांत स्पष्टपणे जाणले ते शि. रा. रंगनाथन यांनी. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाल्यावर हे गणिताचे प्राध्यापक १९२४ मध्ये ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी लंडनला आले आणि त्यांनी इथली अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन मला पाठ आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. यांतले दुसरे मला अधिक जवळचे वाटते, कारण त्यात मांडणीवर उभे राहून वाट पाहणाऱ्या पुस्तकाच्या बाजूने विचार केलेला आहे.

एकदा मी ड्यूईच्या कोष्टकात आपली मराठी शोधली. ती ४९१.४६ वर आहे, बंगाली, हिंदी आणि गुजराती यांच्या ओळीत. मग कन्नड शोधली. ती ४९४.८१४ वर, द्राविड भाषांमध्ये. भाषाकुळाच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. पण आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड घरांमध्ये एक सामाईक भिंत होती, पलीकडच्या अक्कांच्या चुलीवरचा वास आमच्या स्वयंपाकघरात येत असे, आणि मी बाजारापुरती कन्नड सहज बोलत असे. असे असूनही, मराठी माध्यमात शिकलेल्या मी बेळगावात काढलेल्या तेवीस वर्षांत एकही कन्नड पुस्तक वाचले नाही. माझ्या आयुष्यातली पहिली कन्नड कादंबरी मी मँचेस्टरमध्ये, इंग्रजी अनुवादातून वाचली. त्या कादंबरीतले अंगण, तुळस, ज्वारीची भाकरी, सासू-सुनेचे अबोले हे सगळे मला ओळखीचे होते, आणि ते इंग्रजीत वाचताना मला फार वाईट वाटले. सीमेचा प्रश्न, पाट्यांचे वाद, त्यासाठी वडीलधाऱ्यांनी सोसलेले तुरुंगवास, यांतले काहीच मी विसरलेले नाही आणि मराठीवरचा आपला हक्क मला तसूभरही कमी वाटत नाही. पण शेजारचे पुस्तक न वाचल्याने आपली भाषा राखली जाते, असे मी आता मानत नाही.

गेल्या मे महिन्यात घरी आले, तेव्हा त्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल काका निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या ताईंना मी संकीर्ण कपाट पाहू द्याल का, असे विचारले, तर त्यांनी खणातून किल्ल्यांचा जुडगाच काढून दिला. आत धूळ होती, कसरीने काही पुठ्ठे खाल्ले होते, पण उसाच्या गुऱ्हाळावरची पुस्तिका होती, मोडी लिपी शिकवणारे पुस्तक होते, विहिरीच्या बांधकामाचे, छायाचित्रणाचे, शिवणकामाचे, भाताच्या रोगांचे पुस्तक होते. म्हणजे मँचेस्टरमध्ये मी मजल्या-मजल्यांवर हिंडत होते, ते सगळे इथे एका कपाटात होते आणि मी त्यापासून चार हातांवर बसून यादी चाळत होते. ताईंना मी एवढीच विनंती केली की दर शनिवारी दोन तास हे कपाट उघडे ठेवून पाहा. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत ग्रंथदिंडीच्या पालखीपुढे लेझीम खेळणारी मुले आपल्याकडे आहेत, त्यांना त्या कपाटासमोर उभे राहू द्या.

भाताच्या रोगांचे पुस्तक मी बाबांच्या नावावर घेतले. त्यांनी ते दोन दिवसांत वाचून संपवले आणि समासात पेन्सिलीने तीन दुरुस्त्या सुचवल्या. येताना शेजारच्या अक्कांनी त्यांच्या नातवाचे कन्नड गोष्टींचे एक पातळ पुस्तक माझ्या बॅगेत घातले. आता रविवारी दुपारी, म्हणजे येळ्ळूरला संध्याकाळ झाली की, मी फोनवर ते अक्षरे लावत वाचते. बाबांना कन्नड माझ्याहून चांगली येते, म्हणून ते चुका सांगतात, आणि त्यांना एखादा शब्द अडला की भिंतीपलीकडे हाक मारून अक्कांना विचारतात. आम्ही नवव्या पानावर आहोत.