दिव्याचं तेल

तोडलेल्या ऑलिव्हच्या क्रेटमध्ये हात खुपसला तर तो गार लागायला हवा. ४ नोव्हेंबर २०२३, शनिवार, पहाटे साडेपाचला मी हात घातला तेव्हा आतली फळं कोमट होती, उबेला ठेवलेल्या पिठासारखी. वर आंबूस वास. दादांनी दुसऱ्या क्रेटमध्ये हात घातला, मग तिसऱ्या. काही बोलले नाहीत. ताडपत्री ओढून बाजूला केली आणि एकेक क्रेट उचलून उघड्यावर नेऊ लागले. दहाच्या दहा क्रेट मी झाकून ठेवली होती.

इटलीतल्या पेरुजा शहरातलं माझं शेतीचं पदव्युत्तर शिक्षण त्या उन्हाळ्यात संपलं होतं. देवगडला परतण्याआधी एक तोडणी प्रत्यक्ष करायची म्हणून उंब्रियातल्या त्रेवी गावाजवळच्या एका कुटुंबाकडे मी सहा आठवडे राहिलो. राहणं-जेवण त्यांचं, हात माझे. घरात ८४ वर्षांची नोन्ना, म्हणजे आजी, तिचा पन्नाशीचा मुलगा आणि सून. तिकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. माझ्या तोंडून वडीलधाऱ्या माणसाला नुसतं नाव निघेना, म्हणून मी दादा आणि वहिनी म्हणू लागलो. अर्थ सांगितल्यावर दोघांना ते आवडलं, आणि शेवटपर्यंत तेच राहिलं.

असीसीपासून स्पोलेतोपर्यंतच्या डोंगरउतारावर ऑलिव्हचा सलग पट्टा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली त्याला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतलं. पायऱ्यापायऱ्यांची जमीन, आणि ती धरून ठेवणारे, माती-सिमेंट न लावता रचलेले दगडी बांध. पहिल्या दिवशी त्यावर हात ठेवला आणि मला घरचा गडगा आठवला. दगड वेगळा, तिकडचा पांढरट चुनखडीचा आणि आपला जांभा, पण लहान दगड फटीत ठोकून मोठा बसवायची रीत तीच.

जात मुख्यतः मोरायोलो. फळ लहान, गोलसर, आणि देठाला असं चिकटून बसतं की झाड हलवून पडत नाही. झाडाखाली जाळी अंथरायची. उतारावर खालची कड काठ्यांनी उचलून धरायची, नाहीतर फळं घरंगळत शेजाऱ्याच्या हद्दीत जातात. मग हातभर लांबीची फणी घेऊन केस विंचरावेत तशी फांदी विंचरायची. बॅटरीवर चालणारी लांब दांड्याची फणीही होती, ती दादांकडे असायची. मला नोन्नाने शिडीवर चढवून हातफणी दिली. संध्याकाळपर्यंत खांदे उतरायचे. झेल्याने आंबा काढताना मान दुखते, इथे दंड दुखतात.

त्या वर्षी फळ कमी होतं. ऑलिव्हचा फुलोरा मे-जूनमध्ये येतो आणि परागीभवन वाऱ्यावर होतं. २०२३ चा मे महिना इटलीत फार पावसाचा गेला. पराग धुऊन गेले, फळ धरलं नाही. मोहरावर अवकाळी पाऊस पडला की बागायतदाराच्या घरात काय शांतता पसरते ते मी लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे दादा संध्याकाळी क्रेट मोजायचे तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

नोन्नाने एकदा मला वरच्या पायरीवर नेलं. तिथलं प्रत्येक झाड तीन-चार खोडांचं, गोल कडं करून उभं असल्यासारखं. मधे जमिनीलगत एक जुनाट, पोकळ, काळवंडलेला बुंधा. १९८५ च्या जानेवारीत मध्य इटलीत थंडीची जी लाट आली, तिच्यात फ्लोरेन्सला पारा उणे २३ अंशांवर उतरला होता. टस्कनी-उंब्रियातल्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. खोडांच्या साली फाटल्या. नोन्नाने आणि तिच्या नवऱ्याने इथली झाडं जमिनीलगत कापली आणि वाट पाहिली. मुळं जिवंत होती. बुंध्याच्या कडेने फुटवे आले, त्यातले सरळ तीन-चार राखले, बाकी काढले. "नऊ वर्षं आम्ही तेल विकत आणून खाल्लं," नोन्ना म्हणाली. हे सांगताना तिचा हात बुंध्याच्या पोकळीत होता, आणि आतला पालापाचोळा ती नकळत बाहेर काढत होती.

१ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, २ ला मृतांचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत जातं. पण नेमकं तेव्हाच कियारान वादळ आलं. टस्कनीत पूर आले, माणसं गेली. आमच्याकडे वारा आणि पाऊस. नोन्नाला नवऱ्याच्या कबरीवर जाता आलं नाही, फुलांची कुंडी दारातच राहिली. घाण्यावरची आमची गुरुवारची वेळ शनिवारवर गेली. एरवी दादा तोडलेला माल चोवीस तासांपलीकडे ठेवत नसत. आता वादळाच्या भीतीने बुधवारी घाईघाईने तोडलेला माल पडून राहणार होता. त्यांनी बरीचशी क्रेट वाऱ्याच्या पडवीत पसरून, अर्धी-अर्धी करून ठेवली. शेवटची दहा मी माझ्या हाताने कोपऱ्यात एकावर एक रचली. पावसाची झड आत येत होती, म्हणून वर गोणपाट टाकली, त्यावर ताडपत्री घट्ट बांधली. मनात कुठेतरी समाधान होतं, की फळ कसं जपावं हे मला कळतं.

कळत होतं ते आंब्याचं. काढलेला हापूस आम्ही पेंढ्यात घालतो, झाकतो, ऊब धरू देतो. अढी नीट लागली की रंग येतो, वास सुटतो. आंबा झाडावरून उतरल्यावर पिकतो. ऑलिव्हचं उलट आहे. फळ तुटलं त्या क्षणापासून आतलं तेल बिघडायला लागतं. फळाचा निम्मा भाग पाणी. ढीग दाबला गेला की साल फुटते, ऊब धरते, आंबायला सुरुवात होते, आणि तेल फुटून त्यातली आम्लता वाढते. क्रेटला भोकं त्यासाठीच असतात. रोज हाताळत होतो ती भोकं, आणि मीच ती बुजवली होती.

दादांनी गाडी भरताना विचारलं, "का झाकलंस?" रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी अढी समजावली. पेंढा किती, दिवस किती, थर किती, आंबा उलटतात का, त्यांनी सगळं विचारलं. मग म्हणाले, "तुमच्याकडे येऊन मीही हीच चूक उलटी केली असती. आंबे वाऱ्यावर पसरले असते." आणि गाडी सुरू केली.

नोव्हेंबरमध्ये घाणा रात्रंदिवस चालतो. आत शिरल्यावर पहिल्यांदा आवाज आणि लगेच वास, ताज्या कापलेल्या गवताचा, आर्टिचोक नावाच्या कच्च्या भाजीचा. फळ आधी पाला उडवून धुतलं जातं, मग बियांसकट ठेचलं जातं. तो लगदा पोलादी हौदात हळूहळू ढवळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात. इथेच घाणेवाल्याचं कसब. 'थंड पद्धतीने काढलेलं' म्हणायचं तर तापमान २७ अंशांखाली राहायला हवं. जास्त तापवलं तर तेल जास्त निघतं आणि चव जाते. शेवटी जोरात फिरणाऱ्या नळकांड्यातून तेल, पाणी आणि पेंड वेगळी होते.

आमचा चांगला माल आधी लागला. नळीतून तेल आलं ते इतकं हिरवं की मला ते रंग घातल्यासारखं वाटलं. घाणेवाल्याने पाव भाजून वर ओतलं. उंब्रियातल्या पावात मीठ नसतं, त्यामुळे तेलाची चव थेट लागते. आधी कडू, मग गिळल्यावर घशात मिरी लागावी तसा ठसका. मला दोनदा खोकला आला. दादांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातलं पहिलं हसू मी तेव्हा पाहिलं. घसा धरतो म्हणजे तेल ताजं आणि कसदार.

माझी दहा क्रेट दिवसाच्या अगदी शेवटी लागली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मालाला वास लागू नये. दोनशे किलो फळातून २८ किलो, साधारण ३० लिटर तेल निघालं. रंग पिवळट. घाणेवाल्याने थोडं वाटीत घेऊन तळहाताने झाकलं, उबवलं, नाकाजवळ नेलं, जिभेवर घेतलं, आणि बाहेर जाऊन थुंकला. परत येऊन एकच शब्द म्हणाला: "लांपान्ते."

एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणायचं तर आम्लता ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही आणि चवीत एकही दोष चालत नाही. दोष तीव्र असला किंवा आम्लता २ टक्क्यांच्या पुढे गेली, तर त्या तेलाला युरोपच्या नियमांत लांपान्ते म्हणतात. शुद्धीकरण केल्याशिवाय ते खायला विकता येत नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहून आलो होतो. शब्दाचा साधा अर्थ मात्र त्या दिवशी माझ्या डोक्यात उतरला: दिव्याचं.

घरी येऊन दादांनी कॅनवर मार्करने तो शब्द लिहिला आणि कॅन जिन्याखाली ठेवला. मी वहिनींना म्हटलं, याचे पैसे माझ्याकडून घ्या. त्यांनी माझ्या ताटात अजून एक तोर्ता ठेवली. दगडी तव्यावर भाजलेली जाड भाकरीच ती, गव्हाची. "खा," एवढंच.

पुढच्या आठवड्यात दिवाळी होती. ११ तारखेला तिकडे संत मार्टिनचा दिवस, भाजलेली चेस्टनट आणि नवी वाइन. १२ ला आमचं अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन, दोन्ही एकाच दिवशी. आदल्या रात्री विस्तवाशी बसून नोन्नाला मी सांगत होतो की उद्या आमच्याकडे दारात पणत्या लागतात. ती उठली, जिन्याखालून तो कॅन ओढत घेऊन आली.

पणत्या नव्हत्या. कुंडीखालच्या मातीच्या छोट्या बशा धुऊन घेतल्या. औषधाच्या पेटीतला कापूस घेऊन मी मांडीवर वाती वळायला लागलो. नोन्ना बघत राहिली, मग तिनेही कापूस घेतला आणि माझ्यापेक्षा बारीक, घट्ट वात वळली. तिच्या लहानपणी या घरात वीज नव्हती. तेव्हा असलंच, खायला न चालणारं तेल दिव्यात जायचं. त्याला वेगळं भांडं होतं, ते कुठे ठेवलेलं असायचं ती जागाही तिने दाखवली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उंबऱ्यापासून बांधापर्यंत एकवीस दिवे लागले. ज्योत स्थिर, धूर जवळजवळ नाही. आंबूस वास जळताना कुठे गेला कळलंही नाही. वहिनींनी घरातले दिवे मालवले. दादा गडग्यावर बसून राहिले होते.

नोन्ना शाल गुंडाळून आली. एक बशी तिने उचलली, वाऱ्यापासून हाताने आडोसा धरला आणि मला म्हणाली, "चल, गाडी काढ. तिकडे जायचं राहिलंय." शेवंतीची कुंडी मी मागच्या सीटवर ठेवली. दिवा तिने वाटभर मांडीवर धरला होता.