सेंच्युरियनचा पट्टा

नगरच्या टँक म्युझियममधून आलो तेव्हाच ठरवलं होतं, टँकचं मॉडेल बनवायचं तर सेंच्युरियनचंच. १९७१ ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्या टँकमध्ये लढले तोच हा प्रकार, वय फक्त २१, मरणोत्तर परमवीर चक्र, आणि जन्म आपल्या पुण्यातला.

माझं मॉडेल १:६ चं आहे. खऱ्या टँकची बॉडी तोफ सोडून साधारण साडेसात मीटर, म्हणजे माझी सव्वा मीटरच्या आसपास येते, दोघांनी उचलावी लागते. व्हीलचेअरच्या दोन मोटरी बसवल्यात, २४ व्होल्टवर चालतात, प्रत्येक पट्ट्याला, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या कड्यांच्या साखळीला, एक. स्टेअरिंग वगैरे काही नसतं, एक पट्टा हळू केला की गाडी त्या बाजूला वळते, आणि दोन्ही उलटसुलट फिरवले की जागच्या जागी गोल.

तिथंच घोळ झाला. परवा मैदानावर खडीत जागच्या जागी वळवला आणि डावा पट्टा खटकन उतरला, कारण वळताना जमीन पट्ट्याला आडवी ओढते आणि माझा पट्टा सैल होता. सेंच्युरियनला ताण पुढच्या चाकावर देतात, पट्टा फिरवणारं दात असलेलं चाक मागे असतं. मग तिथंच मातीत बसून कड्यांमधली पिन काढली, पट्टा परत चढवला, पुढचं चाक थोडं थोडं पुढे सरकवत ताण दिला. फार आवळलं तर मोटर तापते, बॅटरी पण लवकर उतरते, म्हणून हाताने दाबून किंचित हलेल एवढंच ठेवायचं.

संध्याकाळी तो आवाज करत चढ चढला ना, अंगावर काटा आला राव.