थाळनेरचा मलिक

खानदेशचा जुना इतिहास निघाला की बहुतेक जण थेट असीरगड आणि बुऱ्हाणपूर गाठतात. ज्याने हे राज्य उभे केले, तो मलिक राजा फारुकी मात्र आपल्या शिरपूर तालुक्यात, थाळनेरला तापीकाठी चिरविश्रांती घेत आहे, आणि त्याची आठवण इतकी पुसट व्हावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

इतिहासकार फिरिश्ता सांगतो की शिकारीच्या नादात फौजेपासून दुरावलेल्या, भुकेल्या दिल्लीच्या बादशहाला, फिरोजशाह तुघलकाला, मलिक राजाने आपल्याजवळचे अन्न दिले आणि त्यातूनच त्याचे नशीब उघडले. प्रसंग काहीसा रंगवलेला असेल; १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करवंदचा मुलूख जहागीर म्हणून मिळाला, एवढे खरे. ही जहागीर आयती उपभोगण्याजोगी नव्हती. मलिक राजाने बागलाणच्या राजाला नमवले, त्याच्याकडून खंडणीत घेतलेले हत्ती दिल्लीला पाठवले आणि त्याबद्दल बादशहाने त्याला खानदेशचा सिपहसालार, म्हणजे सेनापती, नेमले. तलवारीइतकेच शेतीकडेही त्याने लक्ष पुरवले, आणि माझ्या मते त्याचे खरे मोठेपण यातच आहे, कारण उजाड मुलखातून फौजेचा खर्च निघत नाही हे तो पुरते ओळखून होता.

१३८२ पासून तो स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. माळव्याच्या दिलावरखानाशी त्याने दुहेरी सोयरीक जुळवली. दिलावरखानाची मुलगी आपल्या थोरल्या मुलाला, नसीरला, करून घेतली आणि आपली मुलगी त्याच्या घरी दिली. त्या बळावर त्याने गुजरातच्या ताब्यातील सुलतानपूर आणि नंदुरबारवर चाल केली खरी, पण गुजरातचा सुभेदार मुजफ्फरखान चालून येताच त्याला थाळनेरच्या तटाआड जावे लागले आणि शेवटी तह करावा लागला. आपल्या ताकदीचा त्याचा अंदाज चुकला तो इथे.

दुसरी चूक घरातली होती. १३९९ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्याने लळिंगचा किल्ला नसीरला आणि थाळनेर धाकट्या हसनला वाटून दिले. पुढे १४१७ मध्ये नसीरने धाकट्या भावाकडून थाळनेर हिसकावून घेतले, तेव्हा नसीरच्या मदतीला माळव्याची फौज आली होती. बापाने जोडून ठेवलेल्या त्याच सोयऱ्यांची.