मोड

काल दुपारी मटकीचं फडकं सोडलं. गाठ सुटली तसा तो ओलसर, जरा आंबूस, हिरवट वास आला आणि मी मटकी तशीच ठेवून भलतीकडेच गेले. आयलाला.

शिवी नाही, बेट आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे. लिहिताना त्यात एक 'एस' असतो, बोलताना तो गिळतात. मुलगी ग्लासगोला होती तेव्हा जावई एकदा जेवताना म्हणाले, "बाबा, उद्या आयलाला जाऊ या." आमचे हे घास हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले.

फेरीबोटीतून उतरून आम्ही बोमोर गावात गेलो. चढावर एक गोल चर्च, सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून गोल, असं सांगतात. आणि खाली, अगदी समुद्राला टेकून, १७७९ सालची व्हिस्कीची भट्टी. पांढऱ्या भिंतीवर काळ्या अक्षरांत एवढं मोठं नाव की बोटीतून वाचावं. आमच्या घरात दारू आली ती खोकल्याच्या औषधातून, तेवढीच. मी आपली पर्स पोटाशी धरून सगळ्यांच्या मागे चालत होते.

पण एका लांबलचक खोलीत शिरलो आणि तो वास आला. फरशीभर भिजवलेला सातू पसरलेला, दाण्यादाण्याला पांढरे मोड. एक माणूस लाकडी फावड्याने तो वरखाली करत होता. हलवला नाही तर मुळं एकमेकांत गुंततात, ढीग आतून तापतो. गाइड मुलगी स्टार्च, साखर असं काही समजावत होती. मनात म्हटलं, अगं बाई, हे तर नाचणीचं सत्त्व!

आजी पाटीभर नाचणी भिजवायची, गोणपाटात बांधायची आणि मोड आले की माजघरात आजोबांच्या जुन्या धोतरावर पसरायची. जाता-येता वाकून हाताने वरखाली करायची. आम्ही पोरं वरून उड्या मारायचो आणि धपाटे खायचो. मग ती सावलीत वाळवायची, जात्यावर दळायची, वस्त्रगाळ करायची. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी डबा जायचा.

इथे मोड आलेला सातू पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं गवत-शेवाळ, विटांसारखं कापून वाळवलेलं. धुराचा वास थेट आमच्या न्हाणीघरातल्या बंबाचा. शेवटी इवल्याशा ग्लासातून व्हिस्की आली, तेव्हा ह्यांनी हुंगून मोठ्यांदा जाहीर केलं, "टिंक्चर आयोडीन!" सगळी रांग वळून बघायला लागली.

पिंपांतून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. ह्यांना लगेच चित्राहुती आठवली. मला त्याहून आवडला तो शेजारचा तलाव. भट्टीच्या एका जुन्या गोदामात गावाने पोहायचा तलाव केलाय आणि भट्टीतली वाया जाणारी उष्णता त्याचं पाणी तापवते. बाहेर वाऱ्याने दात वाजताहेत आणि आत पोरं दारूच्या उबेत डुंबताहेत.

आणखी एक गोष्ट ती मुलगी जाता जाता सांगून गेली. वर्षानुवर्षं फावडं मारून या कामगारांचा एक खांदा खाली उतरायचा, हात लोंबल्यासारखा दिसायचा. त्याला 'मंकी शोल्डर' म्हणायचे. पुढे त्या नावाची व्हिस्कीही निघाली. सगळे हसले, मीही हसले.

आजीचा एकच फोटो आहे, धाकट्या काकाच्या मुंजीतला. त्यात तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आहे. कॅमेरा वाकडा धरला म्हणून आम्ही इतकी वर्षं त्या फोटोग्राफरला नावं ठेवत आलो. काल मटकी तशीच ओट्यावर ठेवून फोटो काढून पाहिला. मागची दाराची चौकट सरळ आहे.