ऑक्टोबरचे पैसे आणि जूनचं भाडं

आमचं ऑफिस लोअर परळला. टाटा हॉस्पिटल तिथून जवळच, त्यामुळे जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या पिशव्या, फाईली आणि चटई घेऊन बसलेली माणसं आमच्यातल्या बऱ्याच जणांनी येताजाता पाहिलेली. 2024 च्या दानउत्सवात (देण्याचा सप्ताह, 2 ते 8 ऑक्टोबर, दरवर्षी असतो) एचआरने ठरवलं की या वेळी निधी गोळा करायचं काम कर्मचाऱ्यांनीच करायचं, आणि ते माझ्याकडे आलं. आम्ही चारपाच जणांनी मिळून बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटच्या राहण्याजेवणाची सोय करणारी एक छोटी संस्था निवडली, भाड्याच्या खोल्या घेऊन चालवतात ते लोक.

दोन गोष्टी आधीच पक्क्या केलेल्या. कोणी किती दिले ते बोर्डावर लागणार नाही, आणि क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा, एक रुपयाही आमच्यापैकी कोणाच्या जीपेवर येणार नाही. नावांची यादी लावायचा आग्रह वरून झाला होता, चुरस लागते म्हणे, पण ज्याच्या घरी होम लोन, आईवडिलांची औषधं आणि पोरांच्या फिया एकाच पगारातून जातात त्याला भिंतीवरच्या यादीत शंभर रुपयांपुढे स्वतःचं नाव वाचायला का लावायचं, हे मला आजही पटत नाही.

तर त्या आठवड्यात एका दुपारी कॅन्टीनमधे सगळे जमले. मी बोलायला लागले आणि अर्ध्यातच अकाउंट्सचे काका उभे राहिले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, रिटायरमेंटला आलेत, कोणाचंही व्हाउचर बिलाशिवाय पास करत नाहीत. म्हणाले, "अगं, हे सगळं ठीक आहे, पण इलाज योजनेतून होतो ना? महात्मा फुले योजना आहे, रेल्वे कॅन्सर पेशंटला तिकिटात सवलत देते, मग आपले पैसे जातात नक्की कशाला?"

हॉलमधे एकदम शांतता. काही जणांना वाटलं काका मोडता घालतायत. मला मात्र हा प्रश्न हवाच होता, कारण मनातल्या मनात तो बऱ्याच जणांना पडलेला असतो आणि मग ते काहीच न बोलता फॉर्म कोरा ठेवतात. मी संस्थेच्या सोशल वर्कर ताईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माइकसमोर धरला.

ताई म्हणाल्या, योजनेतून बिल भागतं, माणूस भागत नाही. रेडिएशन म्हणजे बहुतेक वेळा आठवड्यातले पाच दिवस, असे पाचसहा आठवडे. केमो बऱ्याचदा दर 21 दिवसांनी, त्यात रक्ताचे काउंट खाली आले की तारीख पुढे जाते. गाव असतं बीडला नाहीतर बिहारमधे, मधल्या दिवसांत जाऊन येणं झेपत नाही. सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडालेली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत म्हणून हजारो लोक तगतात, पण सगळ्यांना पुरतील एवढ्या खोल्या मुंबईत नाहीत. आणि केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाने फुटपाथवर झोपणं म्हणजे इन्फेक्शनला बोलावणं.

काकांनी पुढचा प्रश्न टाकला, "तुम्हाला अडचण कधी येते? कुठल्या महिन्यात?"

हे मी कधी विचारलंच नसतं असं नाही, पण त्यांच्या तोंडून ते हिशोबाच्या भाषेत आलं. ताई जरा थांबल्या, मग म्हणाल्या की ऑक्टोबर ते जानेवारी लोक देतात, सण असतात, मॅरेथॉन असते, मार्चपर्यंत टॅक्सवाले येतात. जून-जुलैमधे कोणी नसतं. भाडं मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावं लागतं, पाऊस असो नसो.

काका सरळ व्हाइटबोर्डकडे गेले. आमचा प्लॅन होता एकदाच सॅलरीतून कट, मग मोठा चेक, मग फोटो. त्यांनी लिहिलं: महिना 300, वर्षाला 3600. खाली लिहिलं, एकरकमी 3600 कोण देईल? आणि आमच्याकडे वळून म्हणाले, हात वर करू नका, नुसतं मनात उत्तर द्या.

मग प्रश्नांची रांगच लागली. पावती मिळेल का? मिळेल, पॅन नंबर दिलात तर 10बीई सर्टिफिकेटही, म्हणजे टॅक्स सवलतीसाठी लागणारा देणगीचा दाखला. टॅक्स वाचेल का? जुन्या रिजीममधे देणगीवर सूट देणाऱ्या तेव्हाच्या 80जी कलमाखाली, नव्यात नाही, आणि कॅशने 2000 च्या वर दिले तर जुन्यातही नाही. हे काकांनीच सांगितलं, काही न लपवता, आणि मला वाटतं त्या क्षणी लोकांचा विश्वास बसला. नोकरी सोडली तर? कट आपोआप बंद. मधेच थांबवायचं असेल तर? एक मेल, कारण विचारणार नाही. हाउसकीपिंगची एक ताई म्हणाली आम्ही तर काँट्रॅक्टवर, आमचा पगार इथून होत नाही, तर तिला क्यूआर दाखवला आणि हेही सांगितलं की द्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही.

त्याच दुपारी आम्ही फॉर्म बदलला. एकरकमीच्या जागी दरमहा, रक्कम ज्याने त्याने लिहायची, खाली सही. मोठ्या चेकचा फोटो गेला तो गेलाच, वरचे थोडे नाराज झाले, पण ताईंना ऑक्टोबरच्या ढिगापेक्षा जूनची खात्री हवी होती आणि आपण कोणासाठी गोळा करतोय हे एकदा ठरलं की बाकीचं सोपं होतं.

पुढच्या जूनमधे पैसे वेळेवर गेले, जुलैमधेही. काही जण नोकरी सोडून गेले, काही नवीन आले. संस्थेकडून येणारा भाड्याचा आणि जेवणाचा हिशोब काका दर महिन्याला कॅन्टीनच्या नोटीस बोर्डावर लावतात, देणाऱ्यांची नावं त्यात नसतात. राहिलंय ते मॅचिंगचं. कंपनी एकरकमी देणगीवर तेवढीच रक्कम घालते, दरमहावाल्यांना ते अजून लागू नाही. ती नोट काका आणि मी मिळून लिहितोय, या बजेटच्या आधी वर पाठवायची आहे.